दस्तगीरभाईंची जवारी

खंडेनवमीला आमच्या आळीत शस्त्रपूजा झाली. मारुतीच्या देवळासमोर कोहळा मांडला. बाबुरावांनी तलवार उचलली आणि कोहळ्यावर घाव घातला. कोहळा कापला गेला नाही. त्यांनी पुन्हा घाव घातला. कोहळा कापला गेला नाही. तिसऱ्या घावाला तो फुटला. त्या दिवशी संध्याकाळी दस्तगीरभाई शिकलगारांचं दुकान बंद झालं आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी धाराशिव सोडलं. पोलीस ॲक्शन होऊन तेव्हा महिना झाला नव्हता.

गेल्या महिन्यात मिरजेहून एक कार्ड आलं. दस्तगीरभाईंच्या पुतण्यानं उर्दूत लिहिलेलं. आमच्या घरात ती लिपी वाचणारा आता मी एकटाच, म्हणून सुनेनं ते तसंच माझ्या पुस्तकावर ठेवून दिलं होतं. चाचा गेले, फार त्रास झाला नाही, आठ दिवस आधीपर्यंत कामाला बसत होते, असं त्यात होतं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की चाचा तुमची आठवण काढत असत. काय आठवण काढत, ते लिहिलेलं नव्हतं. त्या ओळीपाशी मी बरेच दिवस थांबलो. आता लिहायला बसलो आहे, तेही थांबत थांबतच होईल.

दस्तगीर हा शब्द फारसी आहे. दस्त म्हणजे हात, दस्तगीर म्हणजे हात धरणारा. निजामाच्या राज्यात आमची शाळा उर्दूतून होती. मी तिथंच शिकलो, पुढं मिडल स्कूलमध्ये तेच शिकवू लागलो, त्यामुळं मला तो अर्थ ठाऊक होता. त्यांना स्वतःला नव्हता. मी सांगितला तेव्हा त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं आणि म्हणाले, "म्हंजी आब्बानं नाव ठिवतानाच धंदा ठरिवला म्हणायचा."

वाद्यांचा हा धंदा तसा घराण्यात मूळचा नव्हता. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे. लढाया संपल्या, तलवारी भिंतीवर गेल्या, तेव्हा त्यांच्यातले काही मिरजेकडं तंतुवाद्यं बनवू लागले. दस्तगीरभाई तिथं चुलत्याच्या हाताखाली सतारी, तंबोरे शिकले आणि लग्न झाल्यावर बायकोच्या गावी, म्हणजे आमच्या धाराशिवला आले. दुकानाच्या पुढच्या भागात धार लावायचं चाक होतं. तिथं विळे, कात्र्या, न्हाव्याचे वस्तरे येत. आतल्या भागात छताला भोपळे टांगलेले असत आणि त्यांच्याखाली वाद्यं. गोंधळी तुणतुणी घेऊन येत, उरसाला आलेले कव्वाल येत, बार्शी-लातूरकडचे गाणारे येत. पुढच्या चाकावर पोट चालायचं. आतल्या बाजूला त्यांचं मन असायचं.

सतारीच्या तारा हाडाच्या ज्या पट्टीवरून जातात तिला घोडी म्हणतात. ती बघताना सपाट वाटते, पण तिला किंचित उतार असतो, आणि तार छेडली की ती त्या उतारावर घासत थरथरते. तिनं किती घासावं हे कानशीनं ठरवायचं, याला जवारी म्हणतात. उतार कमी ठेवला तर तार लांबवर घासते आणि आवाज झणझणीत, मोकळा येतो. ती खुली जवारी. गोलाई जास्त दिली तर तार चटकन सुटते, आवाज आखूड आणि गोल येतो. ती बंद जवारी. दोन्हींमध्ये फरक म्हटला तर सिगारेटच्या कागदाएवढा. वाद्य तेच, तारा त्याच, पण त्या फरकावर ते एकाच्या हातात बोलायचं आणि दुसऱ्याच्या हातात किंचाळायचं.

म्हणून दस्तगीरभाई गिऱ्हाइकाला आधी वाद्याला हात लावू देत नसत. समोर पत्र्याचा डबा ठेवत. त्यात भुईमुगाच्या शेंगा. "फोडा," म्हणत. आलेला माणूस बोलता बोलता शेंगा फोडू लागे आणि हे त्याचे हात बघत बसत. कुणी शेंग अंगठ्यानं चिरडतो, कुणी टोकाला नखानं दाबून बरोबर शिवणीवर उघडतो, कुणी दाताखाली धरतो. तेवढ्यावरून ते ठरवत की याला सतार द्यायची की दिलरुबा, तार जाड की बारीक, जवारी खुली की बंद. त्यांचा नियम असा होता की ज्याचा हात खुला, त्याची जवारी बंद. ज्याचा हात बंद, त्याची खुली. जोरानं वाजवणाऱ्याला आवाज आवरणारं वाद्य हवं आणि भिऊन वाजवणाऱ्याला त्याचा जरासा आवाजही उचलून धरणारं. लोकांना नेमकं उलटं हवं असायचं. धसमुसळ्याला आणखी झणझणाट हवा असायचा.

मी स्वतः सतार घ्यायला गेलो होतो. त्या दिवशी शेंगा डब्यात नव्हत्या, एका वर्तमानपत्राच्या कागदात बांधून आल्या होत्या. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "मास्तर, काय लिव्हलंय त्यात?" मी काय वाचलं ते सांगितलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी एकही शेंग फोडलेली नाही. त्यांनी मला सतार दिली नाही. म्हणाले, "तुमी ऐकणारं माणूस हाय. तंबोरा घ्या." मला वाईट वाटलं होतं, हे कबूल केलं पाहिजे. तंबोरा घरी आणला आणि पहिल्याच संध्याकाळी कळलं की हा माणूस बरोबर बोलला.

या सवयीमुळं गावात त्यांच्याबद्दल एक गैरसमज पसरला होता. शिकलगार हात बघतो, असं लोक म्हणत. म्हटलेलं खरंच होतं. पण सारोळ्याकडून एक बाई मुलीला घेऊन आली आणि तिनं मुलीचा तळवा त्यांच्यापुढं धरला. हात बघता ना, म्हणाली. ते म्हणाले, बघतो की, आणि शेंगांचा डबा पुढं सरकवला. बाईला वाटलं, हा काही विधी असेल. मुलीनं निमूटपणे पसाभर शेंगा फोडल्या. यांनी बघून सांगितलं, "हाताला ताकद हाय, पर घाई लई. जरा थांबाया शिकिवलं तर चांगलं वाजंल." बाईनं ते सोयरिकीचं उत्तर मानलं, नारळ ठेवला आणि गेली. आलेल्या स्थळाला तिनं नकार कळवला, असं पुढं ऐकलं. पुढं पुढं तर आठवड्याला एखादी तरी बाई तळवा पसरत येऊ लागली. त्यांची बायको बीबन चिडे. "तार के बदले तकदीर बेचने लगे क्या?" असं आतून म्हणे. ते हसत, पण तळव्याकडं कधी बघत नसत. हात उलटा करून बोटं बघत.

लोहाऱ्याकडचे वीरभद्रप्पा नावाचे लिंगायत व्यापारी होते. कापडाचा मोठा व्यवहार, अर्धं बोलणं कानडीत, अर्धं मराठीत. त्यांनी हैदराबादेत कुठल्या तरी दिवाणखान्यात हस्तिदंती नक्षीची, दोन भोपळ्यांची सतार ऐकली होती आणि तशीच त्यांना हवी होती. शेंगा त्यांनी मुठीनं फोडल्या. सालं आमच्या अंगावर उडाली. दस्तगीरभाईंनी त्यांना लहान, एका भोपळ्याची, जाड तारांची सतार दिली आणि तिची जवारी इतकी बंद केली की मलाच ती मुकी वाटली. वीरभद्रप्पा रागावले. आपल्याला हलका माल दिला असं त्यांचं म्हणणं पडलं. सहा महिन्यांनी ते परत आले, बसले आणि सतार काढून वाजवू लागले. हात तोच होता, जोर तोच होता, पण आता स्वर एकेक करून सुटत होता. वाजवून झाल्यावर आपल्याच बोटांकडं बघत म्हणाले, "यप्पा, ही बोटं माझीच हायत काय?" दस्तगीरभाई चाकासमोर जाऊन बसले. कुणी स्तुती केली की ते असंच एखादा विळा उचलून धार लावू लागत.

चाकाच्या आवाजानं त्यांचा डावा कान गेला होता, उजवाही मंद होता. जवारी लावताना ते कानशीची लाकडी मूठ दातांत धरत आणि तिचं टोक वाद्याच्या दांडीला टेकवत. आवाज दातांतून हाडात जातो, असं त्यांचं म्हणणं. डोळे मिटून, मूठ चावून बसलेला हा माणूस पहिल्यांदा बघणाऱ्याला विचित्रच वाटे.

एकदा मुंबईच्या फिल्म कंपनीत वाजवणारा एक तरुण उरसासाठी मामाकडं आला होता. त्याच्यापाशी मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार होती, विजेवर वाजणारी. तारांच्या खाली दोन स्क्रूंवर मागंपुढं सरकणारं लोहचुंबक होतं आणि त्यातून निघालेली वायर एका पेटीत जायची. आमच्या आळीत वीज नव्हती, त्यामुळं ती गिटार आमच्यापुढं मुकीच होती. तो तरुण आवाज फार टोचतो अशी तक्रार करत होता. दस्तगीरभाईंनी ती उलटसुलट केली आणि विचारलं, "घोडी कुठंय हिची? जवारी कुठं लावता?" त्यानं तारांखालची पट्टी दाखवली आणि जवारीच्या जागी चुंबक दाखवलं. तार हलली की हे ओळखतं, बाकी काम पेटी करते, म्हणाला. यांनी जरा विचार केला. मग शेंगांचा डबा पुढं केला. तरुणानं हसत चार शेंगा फोडल्या. यांनी मूठ दातांत धरली, टोक गिटारीला टेकवलं आणि एका हातानं तार छेडत राहिले, आधी घोडीजवळ, मग हळूहळू दांडीकडं. मूठ काढून म्हणाले की घोडीपाशी तार कडक बोलते, दांडीकडं गोड बोलते, तुमचं चुंबक आहे तो नुसता कान आहे, तो कुठं ठेवायचा ते हात बघून ठरवा. "तुमचा हात खुला हाय. कान दांडीकडं न्या." मुंबईला गेल्यावर त्या तरुणानं पत्र पाठवलं. ते मीच त्यांना वाचून दाखवलं. चुंबक सरकवल्यावर टोचणं गेलं होतं.

इथवर लिहिताना मला अवघड वाटलं नाही.

सत्तेचाळीस साली सगळीकडं झेंडे बदलले, आमच्याकडं बदलले नाहीत. पुढच्या वर्षभरात गावाचा आवाज बदलला. शाळेत मुलं कमी येऊ लागली. काही माणसं हद्दीपलीकडं गेली. दस्तगीरभाईंच्या दुकानी वाद्यं येईनाशी झाली आणि पुढच्या भागातलं चाक मात्र दिवसभर फिरू लागलं.

उन्हाळ्यात एका दुपारी खाकी कपड्यातले पाच-सहा रझाकार छकडा घेऊन आले. छकड्यात तलवारी होत्या. मी तेव्हा तंबोऱ्याची तार घ्यायला आत बसलो होतो. त्यांनी उर्दूत सांगितलं की जुम्म्याच्या आत धार हवी, आणि तुम्ही तर आपलेच आहात. दस्तगीरभाई जी म्हणाले. माणसं गेल्यावर मी विचारलं, लावणार का. ते म्हणाले, "न्हाय म्हणलं तर लातूरला नेतील, मास्तर. तिथला लावील. त्याची धार खरी असंल."

मला तेव्हा त्या बोलण्याचा अर्थ कळला नाही.

पंधरा दिवसांनी बाबुराव आले. आमच्याच आळीत राहणारे, बऱ्याच जमिनीचे मालक, तापट पण दिलदार माणूस. दस्तगीरभाईंना ते चाचा म्हणत. त्यांच्या गाडीत कडब्याखाली तलवारी होत्या, घरोघरच्या जमवलेल्या. बाबुराव "चाचा, आमाला बी जगायचंय," एवढं म्हणाले. दस्तगीरभाईंनी त्याही ठेवून घेतल्या.

त्यानंतर एक दिवस मी गेलो तेव्हा त्यांनी दार लोटून घेतलं आणि एक तलवार माझ्या पुढं धरली. पातं आरशासारखं झालं होतं. अंगठा लावून बघा म्हणाले. मी लावला. धार बोटाला कळत होती. मग त्यांनी ते पातं एका फळीवर टेकवून जरासं दाबलं आणि पुन्हा बोट लावायला सांगितलं. धार नव्हती. काठ मुडपला होता आणि त्याच्याखाली लोखंड गोल होतं, घोडीच्या पट्टीसारखं. दुधावर साय येते तशी काठावर लोखंडाची साय उभी ठेवायची, म्हणाले, ती अंगठ्याला फसवते, आणि पहिल्या घावाला दुमडते.

"दोन्हीकडच्या?" मी विचारलं.

"दोनीकडच्या. हात लई खुले झालेत, मास्तर. म्हणून जवारी बंद केली."

मी पातं पुन्हा एकदा अंगठ्यानं चाचपलं. मग मला जे सुचलं ते मी विचारलं. एखाद्यानं जीव वाचवायला ती उचलली तर?

ते फळीवरचा लोखंडाचा भुगा बोटानं गोळा करत राहिले. "त्याचं उत्तर माझ्यापाशी न्हाय," म्हणाले. "म्या रोज इचारतो सोताला. चाकावर बसलो की इचारतो." मग म्हणाले, "बीबनला ठाव हाय आन् तुमाला. तिसऱ्याला नगं."

मी शब्द दिला. त्या दिवसापासून त्यांचं गुपित माझंही झालं. एका बाजूला कळलं तर ते मरणार होते आणि दुसऱ्या बाजूला कळलं तरी मरणार होते. या सगळ्यात त्यांच्यासाठी साक्ष देऊ शकेल असा बाहेरचा माणूस मी एकटाच होतो.

श्रावणात बाबुरावांचा धाकटा भाऊ नामदेव शेतातून येत होता. खाकीवाल्यांच्या एका टोळीनं त्याला ओढ्यापाशी गाठलं. तलवारीचा घाव मानेवर यायचा तो उजव्या खांद्यावर आला. तो खाली पडला आणि मेला असं समजून ते निघून गेले. घरी आणला तेव्हा खांदा सुजून काळानिळा झाला होता, हाड मोडलं होतं, पण कातडीला एक ओरखडा सोडला तर काही नव्हतं. आळीभर एकच बोलणं होतं, आई तुळजाभवानीनं तलवारीची धार काढून घेतली. नामदेवच्या आईनं तुळजापूरला जाऊन देवीला लुगडं नेसवलं.

मी ही बातमी दस्तगीरभाईंना सांगितली. त्यांनी विचारलं, "कापलं न्हाय ना?" मी नाही म्हणालो. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, "नक्की? तुमी सोता बघिटलं?" मी म्हणालो, बघितलं. मग त्यांनी चाकावर फडकं टाकलं आणि दिवस असताना दुकान बंद केलं. त्यांना इतकं हलकं झालेलं मी आधी पाहिलं नव्हतं. वाटेत भेटेल त्याला ते उगाच, कसं काय, बरं हाय ना, असं विचारत होते.

मग पोलीस ॲक्शन झाली, हिंदुस्थानची फौज आली. चार-पाच दिवसांत राज्य गेलं. त्यानंतर आसपासच्या गावांत काय काय झालं ते मी इथं लिहीत नाही. लिहिण्याची माझी ताकद नाही. मुसलमानांची घरं ओस पडली. आमच्या आळीत मात्र दस्तगीरभाईंना कुणी हात लावला नव्हता. बाबुरावांनीच सगळ्यांना बजावून ठेवलं होतं की चाचांनी अडचणीच्या वेळी आपल्या तलवारींना धार लावून दिली, तो आपला माणूस आहे.

त्याच तलवारी खंडेनवमीला बाहेर निघाल्या. खंडेनवमीला शस्त्रांची पूजा करायची आणि एका घावात कोहळा कापायचा, ही रीत. निजामाच्या राज्यात अलीकडं ती उघड होत नव्हती, म्हणून त्या वर्षी गर्दी जमली होती. कोहळा कापला गेला नाही तेव्हा कुणीतरी मागून म्हणालं, बाबुराव, जेवून आला न्हाय काय, आणि लोक हसले. दुसऱ्या घावाला हसले नाहीत. कोहळा फुटून गर रस्त्यावर पडला. बाबुरावांनी तलवार डोळ्यांजवळ नेली, बोट फिरवलं. मग दुसरी मागवली, तिसरी मागवली. प्रत्येकीचा काठ दगडावर टेकवून बघितला. मी त्यांच्यापासून पाच पावलांवर होतो. त्यांचा चेहरा बदलताना मी बघितला.

गर्दी दुकानापुढं गेली. दस्तगीरभाई बाहेर आले. बाबुरावांनी तलवार त्यांच्या पायापाशी टाकली. आता चाचा ही हाक गेली होती, तुम्ही म्हणणंही गेलं होतं.

"दस्तगीर, ह्ये कुणाच्या सांगण्यावरनं केलंस?"

"कुणाच्याच न्हाय."

"तीन महिनं आमी या तलवारी उशाला घिऊन निजलो. तुझ्या भरवशावर."

दस्तगीरभाईंनी सांगितलं की दोन्हीकडच्या तशाच केल्या होत्या. खाकीवाल्यांच्यासुद्धा. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, आता तसंच म्हणणार तो. ते बाबुरावांना म्हणाले, नामदेवचा खांदा बघा. पण तेवढ्यात आवाज इतके चढले होते की ते कुणाला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. मला गेलं. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "मास्तरांना इचारा. त्यांना ठाव हाय."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी निजामाच्या शाळेत उर्दू शिकवणारा माणूस होतो. त्या पंधरवड्यात माझ्याकडंही लोक वेगळ्या नजरेनं बघत होते. कोण कुणाच्या बाजूचा होता याच्या याद्या तोंडातोंडी तयार होत होत्या. हे मी कारण म्हणून लिहीत नाही, तेव्हा डोक्यात होतं म्हणून लिहितो. मी म्हणालो, "मी तंबोऱ्याचं तेवढं बघायला जात होतो."

बाबुरावांनी पुन्हा दस्तगीरभाईंकडं बघितलं. मग दस्तगीरभाई म्हणाले, "बराबर हाय. मास्तर तंबोऱ्यापुरतंच यायचे."

त्यांनी मला सोडवलं. मला सोडवताना स्वतःचा एकुलता साक्षीदार त्यांनी स्वतःच्या तोंडानं काढून टाकला. बाबुरावांनी कुणाला त्यांच्या अंगावर जाऊ दिलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. संध्याकाळपर्यंत कुलूप लाव आणि उद्या गावात दिसू नको, एवढं ते म्हणाले. पोरांनी आत घुसून टांगलेले भोपळे काठ्यांनी फोडले. मी तोवर देवळापाशी परतलो होतो, तो आवाज तिथपर्यंत येत होता.

दुसऱ्या दिवशी मी एकाची सायकल मागून येडशीला गेलो. छोटी गाडी तिथून थेट मिरजेला जायची. फलाटावर बीबन गाठोड्यांवर बसली होती. तिनं मला पाहिलं आणि पदर पुढं ओढून तोंड फिरवलं. दस्तगीरभाई उभे होते. त्यांच्या हातात फक्त कानशींची पिशवी होती. मी काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, ते सोडून मी गाठोडी बघत राहिलो. त्यांनीच विचारलं, सायकलवर आलात का, ऊन लागलं असेल. मग तंबोऱ्याबद्दल बोलू लागले. पावसाळ्यात तारा उतरवून ठेवत चला, म्हणाले, ओल्या हवेत ताण सहन होत नाही त्याला. जवारी दोन-तीन वर्षं जाईल. पुढं तारेनं पट्टीला खाच पडेल, तेव्हा कुणा चांगल्या माणसाकडून लावून घ्या, कुणालाही हात लावू देऊ नका. मी हो हो म्हणत होतो. गाडी आली. बीबनला चढवून त्यांनी गाठोडी आत दिली. चढताना डब्याची कड त्यांच्या हातून निसटली, म्हणून मी त्यांचा दंड धरला आणि ते वर गेले. गाडी हलली तेव्हा ते दाराशीच होते, मंद कानावर तळहात धरून इंजिनाकडं वळलेले, जणू गाडीचा आवाज कुठून येतो ते बघत होते. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

दोन वर्षांनी, नामदेवच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, मांडव उतरवत असताना मी बाबुरावांना सगळं सांगितलं. फळीवर दाबलेली तलवार, लोखंडाची साय, दोन्हीकडच्या. ते दोर सोडत होते. हात थांबला. नामदेवला माहीत आहे का, विचारलं. मी नाही म्हणालो. त्यांनी आणखी एक गाठ सोडली.

"मास्तर, ह्ये त्या दिशी का न्हाय बोल्लात?"

मी दोराचं दुसरं टोक सोडायला घेतलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. जाताना एवढंच म्हणाले की आईला हे कळू देऊ नका, तिनं देवीला लुगडं नेसवलंय.

मिरजेला मी तीन पत्रं लिहिली. एकही टाकलं नाही. बाबुरावांनी दस्तगीरभाईंना काही कळवलं असेल तर मला माहीत नाही. त्यानंतर आमच्या आळीत खंडेनवमीचा कोहळा ते स्वतः कोयत्यानं कापत. तलवारी पूजेपुरत्या ठेवल्या जात आणि त्यांना पुन्हा कुणी धार लावली नाही.

बाबुराव आता नाहीत. त्यांची आई त्यांच्याही आधी गेली. शिकलगारांच्या दुकानाच्या जागी पिठाची गिरणी आहे. नामदेव आहे. त्याला नातवंडं आहेत. त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही.